श्वानाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया : निर्णय आणि निगा

शेताची राखण, गुरांची सोबत आणि घरादाराचा पहारा ही कामे पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेल्या श्वानाला मराठी जनजीवनात आपुलकीचे स्थान आहे. खंडोबाच्या उपासनेत तो आहे, दत्तमूर्तीच्या पायाशी तो आहे आणि धनगरांच्या वाड्यावर तर तो कुटुंबातीलच एक असतो. हा प्राणी एखाद्या सकाळी मागचा पाय उचलून तीन पायांवर चालू लागला, तर घरातून बहुधा एकच उद्गार निघतो : ‘पाय मुरगळला असेल, दोन दिवसांत बरा होईल.’ पुष्कळदा तो बरा झाल्यासारखा दिसतोही. परंतु काही आठवड्यांनी लंगडणे पुन्हा सुरू होते, मांडी वाळत जाते आणि धावणारा कुत्रा दिवसभर एका कोपऱ्यात पडून राहू लागतो.

मोठ्या कुत्र्यांतील अशा लंगडण्यामागे गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे हे वारंवार आढळणारे कारण होय. त्यावर आज चांगले उपचार आहेत. हैदराबाद, मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत यासाठी शस्त्रक्रिया केल्या जातात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. त्या जुन्या नात्यामुळे देगलूर, बिलोली, उदगीर या भागांतील लोकांना माणसांच्या उपचारांसाठी हैदराबादची वाट सवयीची आहे. आता पाळीव जनावरांसाठीही ती वाट धरली जाते. मात्र शस्त्रक्रिया करून घेणे म्हणजे उपचार संपणे नव्हे. शस्त्रवैद्याचे काम दोन-तीन तासांचे असते, तर पशुपालकाचे काम त्यानंतर बारा आठवडे चालते. म्हणून कोणती शस्त्रक्रिया निवडावी, या प्रश्नाचे अर्धे उत्तर कुत्र्याच्या गुडघ्यात असते आणि उरलेले अर्धे त्याच्या घरात असते.

गुडघ्याची रचना

प्रथम कुत्र्याचा गुडघा कोठे असतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. मागच्या पायाला खालच्या बाजूस जो कोन मागे वळलेला दिसतो, त्याला अनेक जण गुडघा समजतात. वस्तुतः तो घोट्याचा सांधा होय. गुडघा त्याच्या वर, पोटाजवळ, पुढच्या बाजूला वळलेला असतो.

या सांध्यात वरून मांडीचे हाड व खालून नडगीचे हाड एकत्र येतात. दोन्ही हाडांना आतून बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा अस्थिबंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्या गादीचे काम करतात.

माणसाच्या आणि कुत्र्याच्या गुडघ्यात एक महत्त्वाचा फरक आहे. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा सपाट नसून मागच्या बाजूला उतरता असतो. हा उतार साधारणपणे वीस ते तीस अंशांच्या दरम्यान आढळतो. उतारावर उभ्या केलेल्या बैलगाडीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. मांडीचे हाड ही गाडी, नडगीच्या हाडाचा माथा हा उतार आणि पुढचा अस्थिबंध हा गाडीला मागे घसरू न देणारा दोर. कुत्रा जेव्हा जेव्हा पाय टेकतो, तेव्हा तेव्हा त्या दोरावर ताण येतो. फुटबॉल खेळणाऱ्या माणसाचा अस्थिबंध बहुधा एका हिसक्यात तुटतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तो अनेक महिने आतल्या आत झिजतो, एकेक धागा उसवत जातो आणि अखेर एखाद्या साध्या उडीने तुटतो. ही झीज बहुधा दोन्ही पायांत चालू असते. त्यामुळे एका पायाचा अस्थिबंध तुटलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा दुसरा पायही पुढे तसाच निकामी होतो. खर्चाचा व श्रमांचा हिशेब करताना ही शक्यता प्रारंभीच ध्यानात घ्यावी.

लक्षणे व निदान

झोपून उठल्यावर पाय आखडणे, थोडे चालल्यावर तो मोकळा होणे आणि धावल्यानंतर पुन्हा लंगडणे, ही सुरुवातीची लक्षणे होत. बसताना कुत्रा दुखरा पाय दुमडून न घेता बाहेर टाकून बसतो. उभा असताना त्या पायाची केवळ बोटे टेकवतो. दोन्ही मांड्यांना एकाच वेळी हात लावून पाहिल्यास दुखऱ्या बाजूची मांडी बारीक झालेली जाणवते.

पशुवैद्यक मांडीचे हाड एका हाताने स्थिर धरून नडगीचे हाड पुढे सरकते का, हे तपासतात. टेबलाचा खण ओढावा तसे ते हाड पुढे आले, तर अस्थिबंध तुटल्याचे निदान होते. कुत्रा वेदनेमुळे पाय ताठ धरीत असेल, तर ही तपासणी गुंगीचे औषध देऊन करावी लागते. क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नाही. परंतु सांध्यात साचलेले पाणी, संधिवाताची सुरुवात आणि माथ्याचा उतार ही माहिती त्यातून मिळते. शिवाय हाडाचा कर्करोग किंवा खुब्याचा दोष नाही ना, याचीही खात्री करता येते.

आपल्याकडे आणखी एक खबरदारी आवश्यक असते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्र्याचे सांधे दुखतात आणि ते लंगडते. या रोगात रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी होतात. असे कुत्रे न तपासता शस्त्रक्रियेसाठी घेतले, तर रक्तस्रावाचा धोका संभवतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताची तपासणी टाळू नये.

शस्त्रक्रिया करावी काय?

प्रत्येक कुत्र्याला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत शस्त्रक्रियेविना उपचार केलेल्या कुत्र्यांची माहिती एकत्र करण्यात आली. पंधरा किलोपर्यंत वजनाच्या कुत्र्यांपैकी सुमारे ८५ टक्के कुत्री बरी झाली किंवा बऱ्यापैकी सुधारली. त्याहून जड कुत्र्यांमध्ये मात्र सुधारणा झालेल्यांचे प्रमाण पाचांत एक एवढेच होते. लहान चणीच्या कुत्र्याला सक्तीची विश्रांती, वजनावर नियंत्रण व पशुवैद्यकाने दिलेले वेदनाशामक एवढ्यावर सहा ते आठ आठवडे पाहणे सयुक्तिक ठरते, ते याच कारणाने.

२०१३ मध्ये वजन वाढलेल्या मोठ्या कुत्र्यांचा असाच अभ्यास झाला. त्यात एका गटाचे वजन कमी करून त्याला व्यायामोपचार देण्यात आले. दुसऱ्या गटाला या उपचारांच्या जोडीला शस्त्रक्रियाही मिळाली. शस्त्रक्रिया झालेल्या गटाची प्रगती सरस होती; तथापि शस्त्रक्रियेविना राहिलेल्यांपैकीही सुमारे दोन-तृतीयांश कुत्री वर्षाअखेर समाधानकारकपणे चालू लागली. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मोठ्या कुत्र्यासाठी शस्त्रक्रिया हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. मात्र ज्याला तो परवडत नाही, त्याने सर्व आशा सोडण्याचे कारण नाही. वजन घटविणे हा बिनखर्चाचा उपचार असून तो प्रत्येक घरात शक्य आहे. घरी काटा नसल्यास कुत्र्याला उचलून घेऊन धान्याच्या दुकानातील मोठ्या काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. कुत्र्याच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. त्या शोधाव्या लागत असतील, तर कुत्र्याचे वजन जास्त आहे असे समजावे.

शस्त्रक्रियेच्या पद्धती

कुत्र्यांतील या व्याधीची शास्त्रीय नोंद १९२६ मध्ये झाली. १९५२ मध्ये फिनलंडमधील पात्सामा यांनी मांडीवरील चिवट पडद्याची पट्टी सांध्यातून ओवून नवा अस्थिबंध करण्याची पद्धत मांडली. त्यानंतर अनेक पद्धती आल्या. आज प्रामुख्याने तीन प्रचारात आहेत.

पहिली पद्धत बाहेरून टाका घालण्याची. १९७० पासून रूढ झालेल्या या पद्धतीत सांध्याच्या बाहेरच्या बाजूने जाड नायलॉनचा किंवा तशाच मजबूत धाग्याचा फास घालून तो आवळला जातो. गाडीच्या उदाहरणात सांगायचे, तर तुटलेल्या दोराऐवजी बाहेरून दुसरा दोर बांधला जातो. हा दोर कालांतराने सैल होतो किंवा तुटतो. परंतु तोवर सांध्याभोवती तयार झालेले जाड तंतू त्याचे काम पुढे चालवितात. खर्च कमी, हाड कापावे लागत नाही आणि लहान व मध्यम कुत्र्यांना ही पद्धत चांगली मानवते.

दुसरी पद्धत उतार सपाट करण्याची. अमेरिकेतील पशुशस्त्रवैद्य बार्कले स्लोकम यांनी ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. यात नडगीच्या हाडाचा माथा अर्धगोल करवतीने कापून फिरविला जातो, उतार सुमारे पाच अंशांवर आणला जातो आणि धातूची पट्टी व स्क्रू यांनी तो तुकडा पक्का केला जातो. येथे दोर बांधलाच जात नाही; उतारच काढून टाकल्याने दोराची गरज उरत नाही. तिसऱ्या पद्धतीत गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुरज्जू ज्या हाडाच्या उंचवट्याला जोडलेला असतो, तो उंचवटा कापून पुढे सरकविला जातो. ही पद्धत २००२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे विकसित झाली.

२०१३ मध्ये पहिल्या दोन पद्धतींची तुलना मोठ्या कुत्र्यांवर करण्यात आली. उतार सपाट केलेल्या कुत्र्यांची चाल अधिक लवकर व अधिक चांगली सुधारली. वर्षानंतर आपल्या समाधानाला दहापैकी नऊ वा अधिक गुण देणाऱ्या मालकांचे प्रमाण त्या गटात ९३ टक्के, तर बाहेरून टाका घातलेल्या गटात ७५ टक्के होते. म्हणजे स्वस्त पद्धतीनेही चारांपैकी तीन मालक पूर्ण समाधानी झाले, हे विसरता कामा नये. उलट हाड कापण्याच्या पद्धतीत काही बिघडले, तर तो बिघाडही मोठा असतो. कोणत्याही पद्धतीने संधिवात पूर्णपणे थांबत नाही, हेही स्पष्टपणे समजून घ्यावे.

निवड करताना

उदाहरण घ्यावयाचे झाल्यास, समजा देगलूर येथील एका शिक्षकाच्या घरी मोती नावाचा पाच वर्षांचा, चौतीस किलो वजनाचा लॅब्रॅडॉर आहे. त्याचा अस्थिबंध पूर्ण तुटला आहे आणि हैदराबादच्या शस्त्रवैद्यांनी हाड कापून उतार सपाट करण्याचा सल्ला दिला आहे. घरातील आजोबा म्हणतात, ‘‘जनावराच्या पायाला करवत लावायची? हळद-चुना लावा आणि बांधून ठेवा.’’ मुलांना मोती पूर्वीसारखा धावायला हवा आहे. शिक्षकापुढे खर्चाचा प्रश्न आहे. अशा वेळी निर्णय भावनेच्या भरात किंवा कोणाच्या आग्रहाखातर न घेता काही प्रश्नांची उत्तरे मिळवून घ्यावा.

शस्त्रवैद्यास विचारावयाचे प्रश्न असे : ही विशिष्ट शस्त्रक्रिया आपण किती कुत्र्यांवर केली आहे? या कुत्र्याला हीच पद्धत का? सांधा उघडून कूर्चा तपासणार काय? भूल देताना हृदय, श्वास व प्राणवायू यांवर लक्ष ठेवण्यास स्वतंत्र व्यक्ती असते काय? क्ष-किरण चित्रे व नंतरच्या तपासण्या खर्चात धरल्या आहेत काय? जंतुसंसर्ग झाला किंवा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, तर खर्च किती वाढेल? रात्री-अपरात्री कोणाशी संपर्क साधावा? अनुभवी शस्त्रवैद्य अशा प्रश्नांनी रागावत नाही.

घराने स्वतःला विचारावयाचे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. दिवसभर कुत्र्याजवळ कोण असेल? त्याला जिना चढू न देता ठेवण्यास जागा आहे काय? आठवडाभराने आणि पुन्हा आठ आठवड्यांनी हैदराबादला नेण्यासाठी वाहन मिळेल काय? ज्या घरात बारा आठवडे कुत्र्याला आवरणे शक्य नाही, त्या घराने सर्वांत महाग शस्त्रक्रिया निवडली, तरी ती सर्वांत चांगली ठरेलच असे नाही. आजोबांचे ‘बांधून ठेवा’ हे म्हणणे या दृष्टीने निम्मे बरोबर आहे. हळद-चुन्याने तुटलेला अस्थिबंध जुळत नाही. पण बांधून ठेवल्याविना कोणतीही शस्त्रक्रिया टिकत नाही.

भूल आणि हैदराबादचा धडा

अनेक पशुपालकांना शस्त्रक्रियेपेक्षा भुलीची भीती अधिक वाटते. या विषयाशी हैदराबादचे एक ऐतिहासिक नाते आहे. एकोणिसाव्या शतकात क्लोरोफॉर्मने रुग्ण अचानक दगावत असत. मृत्यू श्वास थांबल्याने होतो की हृदय बंद पडल्याने, याबद्दल डॉक्टरांत तीव्र मतभेद होते. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचे मत होते, की धोका केवळ श्वासाला असतो. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ मध्ये हैदराबादेत क्लोरोफॉर्म आयोग बसला आणि शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग झाले. इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा निजामांनी हजार पौंड देऊन त्यांचाच प्रतिनिधी मागविला. लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य १८८९ मध्ये हैदराबादेत आले आणि दुसऱ्या आयोगाने चारशेहून अधिक जनावरांवर, त्यांतही प्रामुख्याने कुत्र्यांवर, प्रयोग केले. निष्कर्ष तोच निघाला : श्वास सांभाळा, हृदयाची चिंता नको.

हा निष्कर्ष अपुरा होता. १९११ मध्ये इंग्लंडमधील गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की हलक्या भुलीत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते एकाएकी बंद पडू शकते. श्वासावर सतत लक्ष ठेवण्याचा हैदराबादचा आग्रह योग्यच होता; चूक झाली ती एकाच खुणेवर सारा भरवसा ठेवण्यात. आज क्लोरोफॉर्म मागे पडला आहे. कुत्र्याच्या श्वासनलिकेत नळी घालून प्राणवायूबरोबर आयसोफ्लुरेनसारखी भूल दिली जाते आणि श्वास, हृदय, रक्तदाब, शरीराचे तापमान व रक्तातील प्राणवायू या सर्वांवर एकाच वेळी लक्ष ठेवले जाते. हैदराबादच्या रस्त्यावरील शेकडो कुत्र्यांनी प्राण देऊन शिकविलेला हा धडा आता निदान त्यांच्याच जातीच्या जिवांना वाचविण्यासाठी वापरला जावा, हे उचित होय. पशुपालकासाठीही हा धडा मोलाचा आहे. जखम कोरडी दिसते एवढ्यावरून सर्व ठीक आहे असे मानू नये. पाय, जखम, भूक आणि ताप या चारही गोष्टी रोज पाहाव्यात.

बारा आठवड्यांची निगा

पहिले दोन आठवडे जखमेचे असतात. कुत्रा जखम चाटून भरून काढतो, ही समजूत चुकीची आहे; चाटण्याने टाके निघतात आणि जंतू आत जातात. म्हणून टाके काढेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, गळ्यातील रुंद कॉलर काढू नये. पहिल्या काही दिवसांत सूज गुडघ्याकडून घोट्याकडे उतरते. ती हळूहळू कमी होत असल्यास काळजीचे कारण नाही. शौचास व लघवीस नेताना पट्टा लावावा आणि पोटाखालून पंचा घालून मागच्या भागाला आधार द्यावा.

घरातील गुळगुळीत फरशी हा या काळातील मोठा शत्रू होय. मराठवाडा व तेलंगणातील घरांत शहाबादी किंवा घासलेली फरशी सर्रास असते. कुत्र्याच्या वावराच्या जागेवर गोणपाट किंवा सतरंजी अंथरावी व तिच्या कडा सरकणार नाहीत असे पाहावे. ओटा, पलंग, जिना आणि मोटारीतून मारावयाची उडी पूर्णपणे वर्ज्य समजावी. शेतावरील मोकळ्या कुत्र्याला बांधून घेण्याची सवय नसते; शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधीपासून त्याला पडवीत किंवा लहान खोलीत राहण्याची सवय लावणे हिताचे असते.

तिसऱ्या आठवड्यापासून पट्टा लावून पाच-पाच मिनिटे संथ चालवावे आणि शस्त्रवैद्याच्या सल्ल्याने दर आठवड्याला ही वेळ थोडी वाढवावी. संथ चालताना कुत्रा पाय टेकतो. वेगात चालताना तो उचलून धरतो. म्हणून संथ चालणे हाच खरा व्यायाम होय. हाड कापले असल्यास सुमारे आठ आठवड्यांनी क्ष-किरण चित्र घेऊन ते जुळले की नाही हे पाहिले जाते. त्याआधी कुत्रा कितीही उत्साही दिसला, तरी त्याला मोकळे सोडू नये. किंबहुना वेदना कमी झालेला आणि हाड न जुळलेला चौथ्या ते आठव्या आठवड्यातील काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो.

माणसांची वेदनाशामके कुत्र्याला कदापि देऊ नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटॅमॉलही घरच्या घरी देणे धोक्याचे आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यास आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. मेलेल्या जनावरांतून ते गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडांचा संहार झाला, हे त्यामागील कारण होते. पशुवैद्यकाने लिहून दिलेल्या औषधानेही उलटी झाली किंवा शौच काळे झाले, तर औषध थांबवून तत्काळ सल्ला घ्यावा.

गुंतागुंत ओळखणे

हाड कापण्याच्या शस्त्रक्रियांत लहानमोठी गुंतागुंत होण्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत सुमारे १० ते ३० टक्क्यांच्या घरात आढळले आहे. यांतील बहुतेक अडचणी किरकोळ असतात. मात्र त्या वेळीच ओळखल्या नाहीत तर मोठ्या होतात.

जखमेतून तीन दिवसांनंतरही पाणी किंवा पू येणे, जखम लाल व गरम होणे, भूक मंदावणे आणि ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, ही जंतुसंसर्गाची चिन्हे होत. अशा वेळी घरात उरलेली प्रतिजैविके देऊ नयेत. स्रावाचा नमुना तपासून योग्य औषध ठरवावे लागते आणि ते पूर्ण मुदतीपर्यंत द्यावे लागते. जंतू धातूच्या पट्टीवर ठाण मांडून बसले, तर हाड जुळल्यानंतर ती पट्टी काढावी लागते. पट्टी काढणे म्हणजे शस्त्रक्रिया वाया जाणे नव्हे. तोवर हाड जुळलेले असते आणि पट्टीचे काम संपलेले असते.

दुसरी खूण सर्वांत महत्त्वाची आहे. पाय टेकू लागलेला कुत्रा एकाएकी तो पुन्हा उचलू लागला, तर त्याला ‘थकला असेल’ म्हणून सोडून देऊ नये. वरील उदाहरणातील मोतीने पाचव्या आठवड्यात मांजरामागे ओट्यावरून उडी मारली आणि पाय वर धरला, असे समजावे. स्क्रू सैल झाला असेल, नडगीच्या हाडाचा उंचवटा मोडला असेल किंवा आतील बाजूची कूर्चा फाटली असेल. यांतील भेद घरबसल्या कळत नाही. मोतीला त्याच क्षणी बांधून ठेवावे, चालवू नये, त्याच दिवशी शस्त्रवैद्यास कळवावे आणि क्ष-किरण चित्र घ्यावे. पट्टी जागेवर असेल आणि हाड हललेले नसेल, तर कित्येकदा अधिक विश्रांती पुरते. कूर्चा फाटली असल्यास चालताना गुडघ्यातून ‘टक्‌’ असा आवाज येऊ शकतो. तिचा फाटलेला भाग काढण्यासाठी दुसरी, तुलनेने लहान शस्त्रक्रिया करावी लागते. झालेली चूक लपवून ठेवण्याने नुकसान वाढते. उडी मुलांच्या निष्काळजीपणाने झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे आणि मुलांवर रागावून त्यांना गप्प बसवू नये. कारण घडलेली गोष्ट प्रथम पाहणारी बहुधा मुलेच असतात.

याशिवाय कातडीखाली पाणी साचणे, वाटीखालील स्नायुरज्जू सुजणे अशा अडचणी बहुधा विश्रांतीने निवळतात. साचलेले पाणी सुईने काढण्याचा घरगुती प्रयत्न मात्र करू नये.

हैदराबाद दूर असल्याने प्रत्येक वेळी तेथे धाव घेणे शक्य नसते. म्हणून घरी परतताना शस्त्रक्रियेचा तपशील, क्ष-किरण चित्रे आणि औषधांची यादी असलेले पत्र शस्त्रवैद्याकडून घ्यावे आणि ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात दाखवून ठेवावे. टाके काढणे, ताप पाहणे, जखम तपासणे ही कामे तेथे होऊ शकतात. गुंतागुंतीच्या प्रकरणी सल्ल्यासाठी परभणी, उदगीर व मुंबई येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये आणि हैदराबादजवळील राजेंद्रनगर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. राजेंद्रनगरचे विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते पी. व्ही. नरसिंह राव लोकसभेत रामटेकचे प्रतिनिधी होते आणि मराठीचे जाणकार वाचक होते, ही गोष्ट सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना जवळची वाटावी अशी आहे.

जबाबदारी सर्वांची

शस्त्रक्रिया परवडत नाही किंवा कुत्रा पूर्वीसारखा धावत नाही, म्हणून त्याला दूर नेऊन सोडून देण्याचे प्रकार घडतात. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये पाळीव प्राण्याला उपासमारीच्या वा वेदनेच्या स्थितीत टाकून देणे हा गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्याची आवश्यकताही नसते. तीन पायांवर भार देणारा, वजन आटोक्यात असलेला आणि वेदनेवर नियमित औषध मिळणारा कुत्रा अंगणात बसूनही पहारा देतो आणि घराची सोबत करतो.

शाळेत शरीरशास्त्राचा पाठ शिकविताना शिक्षकांनी माणसाच्या गुडघ्याबरोबर कुत्र्याच्या गुडघ्याचेही चित्र फळ्यावर काढले, तर मुलांना दोन्ही रचना चटकन समजतील. घरातील कुत्र्याने पाय उचललेला प्रथम त्यांच्याच लक्षात येईल आणि ‘दोन दिवसांत बरा होईल’ या उत्तरावर ती थांबणार नाहीत. मोतीच्या घरी बाराव्या आठवड्यानंतर पट्टा सोडण्याचा दिवस उजाडेल, तेव्हा त्याचे श्रेय हैदराबादच्या शस्त्रवैद्याइतकेच पडवीत सतरंजी अंथरणाऱ्या, रोज सकाळी त्याची मांडी चाचपून पाहणाऱ्या आणि त्याला जिन्यापासून आवरून धरणाऱ्या हातांचेही असेल.